काँक्रीट, ॲब्स्ट्रॅक्ट की कलेक्टिव्ह? इंग्रजी नाम ओळखण्याची रीत

आठवी-नववीतली लेकरं असोत, नाहीतर लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत बसून पोलीस भरतीपासून एमपीएससीपर्यंतची तयारी करणारी मुलं-मुली असोत, इंग्रजी नामांचे प्रकार म्हटले की बहुतेकांच्या वहीत तीन उभे रकाने असतात. पहिल्यात टेबल, रिव्हर, बुक. दुसऱ्यात ऑनेस्टी, लव्ह, चाइल्डहूड. तिसऱ्यात टीम, आर्मी, फ्लॉक. रकाने पाठ होतात, आणि रकान्याबाहेरचा एखादा शब्द समोर आला की पेन थांबतं.

‘यूथ’ हा एकच शब्द घ्या. ‘ही स्पेंट हिज यूथ इन परभणी’ म्हणजे त्याचं तारुण्य परभणीत गेलं. तारुण्य ही अवस्था आहे, म्हणून हे ॲब्स्ट्रॅक्ट नाउन. ‘द यूथ ऑफ मराठवाडा नीड्स जॉब्ज’ यात यूथ म्हणजे सगळा तरुण वर्ग, म्हणून कलेक्टिव्ह. आणि ‘अ यूथ वॉज स्टँडिंग ॲट द बस स्टॉप’ यात थांब्यावर उभा असलेला एक तरुण, हाडामांसाचा, म्हणून काँक्रीट. शब्द एकच, प्रकार तीन. हा शब्द कोणत्या रकान्यात लिहायचा? कोणत्याच नाही. प्रकार शब्दाला कायमचा चिकटलेला नसतो, तो त्या वाक्यात शब्द जे काम करतो त्याचा असतो. खालची सगळी रीत या एका गोष्टीवर उभी आहे.

प्रकार तीन नाहीत, प्रश्न दोन आहेत

गोंधळाचं मूळ इथं आहे. काँक्रीट, ॲब्स्ट्रॅक्ट आणि कलेक्टिव्ह हे एकाच मापाचे तीन भाग आहेत असं शिकवलं जातं. तसं नाही. पहिला प्रश्न असा: नावानं सांगितलेली गोष्ट डोळे, कान, नाक, जीभ, त्वचा यांपैकी कशाला तरी कळते का? कळत असेल तर काँक्रीट, नसेल तर ॲब्स्ट्रॅक्ट. दुसरा प्रश्न अगदी वेगळा: या एकवचनी नावाच्या पोटात अनेक माणसं, जनावरं किंवा वस्तू आहेत का? असतील तर कलेक्टिव्ह.

म्हणजे मेंढरांचा ‘फ्लॉक’ पहिल्या प्रश्नाला काँक्रीट ठरतो, कारण तो दिसतो, ऐकू येतो. दुसऱ्या प्रश्नाला तो कलेक्टिव्ह ठरतो. दोन्ही उत्तरं खरी आहेत. शाळेच्या व्याकरणात प्रॉपर (विशेषनाम), कॉमन (सामान्यनाम), कलेक्टिव्ह (समूहवाचक), मटेरियल (पदार्थवाचक) आणि ॲब्स्ट्रॅक्ट (भाववाचक) असे पाच प्रकार येतात. त्यांतले पहिले चार बहुतेक वेळा काँक्रीटमध्येच मोडतात. परीक्षेत पर्यायांत ‘काँक्रीट’ आणि ‘कलेक्टिव्ह’ दोन्ही दिले असतील आणि शब्द ‘फ्लॉक’ असेल, तर कलेक्टिव्हवर खूण करा. जो पर्याय जास्त नेमकं सांगतो, तोच विचारणाऱ्याला हवा असतो.

पायरी पहिली: आधी नाम शोधा

हे सोपं वाटतं, पण निम्मे गुण इथंच जातात. ‘शी इज काइंड’ यातला काइंड नाम नाही. ‘शी स्पोक विथ काइंडनेस’ यातला काइंडनेस नाम आहे. मराठीतून प्रश्न विचारून बघा. उत्तर ‘कोण?’ किंवा ‘काय?’ या प्रश्नाचं असेल तर नाम, ‘कसा, कशी, कसं?’ याचं असेल तर विशेषण. तसंच ‘आय लव्ह माय व्हिलेज’ यात लव्ह क्रियापद आहे आणि ‘माय लव्ह फॉर माय व्हिलेज’ यात नाम. समोर अ, ॲन, द, माय, हिज असं काही असेल, किंवा ऑफ, विथ, इन यांच्यामागून शब्द आला असेल, तर नाम असण्याची शक्यता दाट. पण मध्ये विशेषण बसलेलं असू शकतं, म्हणून एक शब्द पुढंही बघून घ्या.

पायरी दुसरी: इंद्रियांना विचारा

मोंढ्यात उभं राहून आजूबाजूला बघा. सोयाबीनची पोती, वजनकाटा, हमाल, ट्रॅक्टर, तुरीची धूळ, लिलावाचा आवाज, भज्यांचा वास. हे सगळं काँक्रीट. दिसणारंच काँक्रीट असतं असा समज पक्का बसलेला असतो, म्हणून आवाज आणि वास मुद्दाम सांगितले. वारा दिसत नाही, पण अंगाला लागतो. साखर पाण्यात विरघळली तरी जिभेला कळते. पाचांपैकी एका इंद्रियानं साक्ष दिली की पुरे.

ही साक्ष आत्ता आणि तुम्हालाच मिळायला हवी असंही नाही. डायनासोर आपल्यापैकी कुणी पाहिला नाही, पण त्याला शरीर होतं. विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसतो. गोष्टीतल्या राक्षसालाही गोष्टीत हात-पाय असतात, त्यामुळे ‘जायंट’ काँक्रीटच. गोदावरी, जायकवाडी, दौलताबाद ही विशेषनामं, तीही काँक्रीट. कॉटन, गोल्ड, वॉटर ही पदार्थांची नावं, तीही.

इथं एक गैरसमज काढून टाकायला हवा. मोजता येतं ते काँक्रीट आणि मोजता येत नाही ते ॲब्स्ट्रॅक्ट, हे साफ चूक आहे. वॉटर, राइस, सँड मोजता येत नाहीत, तरी काँक्रीट आहेत. आयडिया, प्लॅन, ड्रीम, मिस्टेक मोजता येतात, ‘थ्री आयडियाज’ म्हणता येतं, तरी ती ॲब्स्ट्रॅक्ट आहेत. मोजणं हा वेगळा विषय, त्याचा उपयोग पुढं अनेकवचन करताना होईल.

पायरी तिसरी: खूण वेगळी, गोष्ट वेगळी

ॲब्स्ट्रॅक्ट नाउन म्हणजे आपलं भाववाचक नाम. ते गुण सांगतं, अवस्था सांगतं, नाहीतर क्रियेचं नाव सांगतं. ऑनेस्टी हा गुण, पॉव्हर्टी ही अवस्था, थेफ्ट ही क्रिया. व्याख्येपाशी कुणी अडत नाही. अडतं ते पुढं. मुलं विचारतात, “सर, राग दिसतो की! माणूस लालबुंद होतो.” “भूक तर पोटात लागते, मग ती ॲब्स्ट्रॅक्ट कशी?” हे प्रश्न चांगले आहेत, ते झटकून टाकू नयेत.

उत्तर असं. आपल्याला जे दिसतं ती त्या गोष्टीची खूण असते, ती गोष्ट नव्हे. लाल चेहरा दिसतो, राग दिसत नाही. आसवं दिसतात, दुःख दिसत नाही. म्हणून ‘टिअर्स’ काँक्रीट आणि ‘ग्रीफ’ ॲब्स्ट्रॅक्ट. अजिंठ्याच्या पहिल्या लेणीत पद्मपाणी बोधिसत्त्वाचं चित्र आहे. हातात कमळ, डोळे खाली झुकलेले. त्या चेहऱ्यावर करुणा आहे असं पाहणारा प्रत्येक जण म्हणतो. भिंत, रंग, कमळ, डोळे सगळं काँक्रीट. पण ‘कम्पॅशन’ ॲब्स्ट्रॅक्टच राहते, कारण चित्रकारानं रंगवल्या त्या तिच्या खुणा. भिंतीवरचा रंग उद्या झिजला तर चित्र जाईल, करुणा नावाची गोष्ट जाणार नाही.

भुकेचं आणि तहानेचं तसंच. भाकरी काँक्रीट, पाणी काँक्रीट, पण हंगर आणि थर्स्ट या आतल्या अवस्था आहेत. दुसऱ्याची तहान तुम्हाला कुठल्याच इंद्रियानं कळत नाही, त्याचे सुकलेले ओठ तेवढे दिसतात.

आता आपल्या भागातला सगळ्यात अवघड शब्द, ‘ड्राउट’. भेगाळलेली काळी जमीन दिसते, आटलेली विहीर दिसते, टँकरपुढची घागरींची रांग दिसते. मग दुष्काळ काँक्रीट का नाही? कारण दुष्काळ म्हणजे यांपैकी एकही वस्तू नव्हे. पाऊस न होणं, पाणी न उरणं ही स्थिती, तिचं ते नाव आहे. रेन, वेल, टँकर काँक्रीट. ड्राउट, स्कार्सिटी, शॉर्टेज ॲब्स्ट्रॅक्ट. ही एक जोडी नीट समजली की फ्लड आणि पॉव्हर्टी यांच्यातला फरकही कळतो. पुराचं पाणी घरात शिरतं, अंगाला लागतं, दिसतं. गरिबीचं तसं होत नाही.

शेवटची अक्षरं मदत करतात, पण आंधळेपणानं नाही

मराठीत चांगुलपणा, माणुसकी, गोडवा, नेतृत्व, बालपण, गुलामगिरी हे शब्द ऐकल्याबरोबर भाववाचक वाटतात, कारण -पणा, -की, -वा, -त्व, -पण, -गिरी हे शेवट कानाला ओळखीचे असतात. इंग्रजीतही असे शेवट आहेत. गुडनेस, स्वीटनेस यांतला -नेस. लीडरशिप, फ्रेंडशिप यांतला -शिप. चाइल्डहूड, मदरहूड यांतला -हूड. फ्रीडम, विज्डम यांतला -डम. ॲबिलिटी, क्रुएल्टी यांतला -टी. एज्युकेशन, अ‍ॅक्शन यांतला -शन. मूव्हमेंट, पनिशमेंट यांतला -मेंट. पेशन्स, सायलेन्स यांतला -न्स. आणि ज्याकडे कमी लक्ष जातं तो -थ: लाँगपासून लेंग्थ, स्ट्राँगपासून स्ट्रेंग्थ, डीपपासून डेप्थ, ट्रूपासून ट्रूथ.

पण प्रश्न काढणाऱ्यालाही हे शेवट माहीत असतात. ‘विटनेस’च्या शेवटी नेस आहे, पण कोर्टात उभा राहणारा साक्षीदार हाडामांसाचा माणूस आहे, तो काँक्रीट. ‘गव्हर्नमेंट’, ‘पार्लमेंट’ यांच्या शेवटी मेंट आहे, पण ती कलेक्टिव्ह. ‘नेबरहूड’ म्हणजे घराभोवतीचा परिसर, काँक्रीट. ‘स्टेशन’ काँक्रीट, ‘पॉप्युलेशन’ कलेक्टिव्ह. उलट होप, फिअर, पीस (शांतता), लक, टाइम, स्लीप, पेन (वेदना) यांना कुठलाच शेवट नाही, तरी सगळी ॲब्स्ट्रॅक्ट. म्हणून शेवट दिसला की पहिला अंदाज बांधा आणि मग इंद्रियांचा प्रश्न विचारून तो पडताळा.

पायरी चौथी: कलेक्टिव्ह नाउन

यात मराठी माणसाला फारसं नवीन शिकायचं नसतं. गुरांचा कळप, पक्ष्यांचा थवा, केळ्यांचा घड, किल्ल्यांचा जुडगा, उसाची मोळी, भाकऱ्यांची चवड, पोत्यांची थप्पी, गाड्यांचा ताफा, साधूंचा जथा हे शब्द आपल्या तोंडी आहेत. समूहदर्शक शब्द म्हणून ते शाळेतही शिकवले जातात. इंग्रजीत कळपाला हर्ड, मेंढरांच्या कळपाला आणि पक्ष्यांच्या थव्याला फ्लॉक, मधमाश्यांच्या थव्याला स्वार्म, जुडग्याला बंच, मोळीला बंडल, रचलेल्या थप्पीला स्टॅक, गाड्यांच्या ताफ्याला कॉन्व्हॉय. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणारी टोळी म्हणजे ‘अ गँग ऑफ केन कटर्स’. इथं गँग शब्दात वाईट काही नाही, एकत्र काम करणाऱ्या मजुरांसाठीही तो वापरतात.

मुलं सगळ्यात जास्त चुकतात ती ‘फार्मर्स’ आणि ‘क्राउड’ यांत. दोन्हींत माणसं पुष्कळ. पण फार्मर्स हे फार्मरचं साधं अनेकवचन आहे, कलेक्टिव्ह नाही. क्राउड हा शब्द स्वतः एकवचनी आहे आणि त्याच्या पोटात अनेक माणसं आहेत. त्याचं पुन्हा अनेकवचन होतं, क्राउड्स, म्हणजे अनेक गर्द्या. फार्मर्सचं पुन्हा अनेकवचन करून दाखवा, होणार नाही.

क्रियापद कोणतं लावायचं याचं उत्तर मराठीतच आहे. ‘किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आहे’ असं आपण म्हणतो. किल्ल्या अनेक असल्या तरी ‘जुडगा आहेत’ कुणी म्हणत नाही. इंग्रजीतही ‘अ बंच ऑफ कीज इज ऑन द टेबल’. ‘अ हर्ड ऑफ उस्मानाबादी गोट्स इज ग्रेझिंग’. चूक शोधायच्या प्रश्नात कीज किंवा गोट्स या शेजारच्या अनेकवचनाच्या नादानं ‘आर’ लिहिलेलं असतं. मधला ऑफचा भाग बोटानं झाका आणि ‘अ हर्ड’ला विचारा.

समूह एकजूट असेल तर क्रियापद एकवचनी: ‘द कमिटी हॅज गिव्हन इट्स रिपोर्ट’. सभासद वेगवेगळे वागत असतील तर अनेकवचनी चालतं: ‘द कमिटी वेअर डिव्हायडेड इन देअर ओपिनियन्स’. ब्रिटिश वळणात ‘द टीम आर प्लेइंग वेल’ही ऐकू येतं, अमेरिकन वळणात एकवचनाकडेच कल असतो. जे घ्याल ते वाक्याच्या शेवटापर्यंत सांभाळा. ‘द टीम हॅज वन देअर मॅच’ अशी सरमिसळ लेखी परीक्षेत टाळा, ‘हॅज’ लिहिलंत तर ‘इट्स’ लिहा.

तीन शब्द या नियमाबाहेर ठेवायचे: पोलीस, पीपल, कॅटल. दिसायला एकवचनी, पण क्रियापद नेहमी अनेकवचनी. ‘द पोलीस हॅव कम’, ‘द कॅटल आर अंडर द ट्री’. एकवचन हवं असेल तर आधी हर्ड घ्या: ‘अ हर्ड ऑफ लाल कंधारी कॅटल इज अंडर द ट्री’. कंधारच्या लाल जनावरांच्या एकाच कळपाबद्दल दोन्ही वाक्यं, पण पहिल्यात आर, दुसऱ्यात इज.

आणि फर्निचर, लगेज? काही गाइडांत हे कलेक्टिव्हमध्ये टाकलेले दिसतात. मला ते पटत नाही. टीमचं टीम्स होतं, हर्डचं हर्ड्स होतं, पण फर्निचर्स किंवा लगेजेस होत नाही. ती न मोजता येणारी काँक्रीट नामं समजा. तसंच ‘अ ग्लास ऑफ वॉटर’, ‘अ क्विंटल ऑफ कॉटन’ यांतले ग्लास आणि क्विंटल मापं आहेत, समूह नव्हेत.

लिहिताना याचा उपयोग

प्रकार ओळखण्याचे एक-दोन गुण मिळतात, पण खरा फायदा निबंधात आणि पत्रात होतो. मराठीत ‘त्यानं मला चांगले सल्ले दिले’ बरोबर आहे, म्हणून आपण ‘गुड ॲडव्हायसेस’ लिहून मोकळे होतो. ॲडव्हाइस मोजता येत नाही, ‘गुड ॲडव्हाइस’ किंवा ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’ लिहावं. ‘मला खूप कामं आहेत’ याचं ‘आय हॅव मेनी वर्क्स’ होत नाही, ‘आय हॅव अ लॉट ऑफ वर्क’ होतं. ‘बातम्या वाईट आहेत’ म्हणजे ‘द न्यूज इज बॅड’. बातम्या मराठीत अनेक, पण न्यूज इंग्रजीत एकवचनी. इन्फर्मेशन आणि होमवर्क यांनाही शेवटी स लावू नका.

‘द’ची चूक याहून जास्त होते. ‘द लाइफ इज डिफिकल्ट’ चूक, ‘लाइफ इज डिफिकल्ट’ बरोबर. सर्वसाधारण भाव सांगताना ॲब्स्ट्रॅक्ट नामापुढं द नको. पण तोच भाव कुणाचा तरी, ठरावीक झाला की द येतो: ‘द लाइफ ऑफ अ केन कटर इज डिफिकल्ट’. ‘ऑनेस्टी इज रेअर’, पण ‘द ऑनेस्टी ऑफ धिस शॉपकीपर इज वेल नोन’. पुढं ऑफ आहे का बघायची सवय लावली तर निबंधातल्या कितीतरी चुका आपोआप जातात.

एक उतारा सोडवून बघू

सरावासाठी यादी नको, वाक्यं घ्या. वर्तमानपत्रातली इंग्रजी बातमी घेऊन नामांखाली रेघ ओढा, प्रत्येकाला दोन्ही प्रश्न विचारा. जिथं अडेल तो शब्द दुसऱ्या वाक्यात घालून बघा. इथं नमुन्यादाखल एक छोटा उतारा:

‘इन एप्रिल 2016 अ ट्रेन ब्रॉट वॉटर फ्रॉम मिरज टू लातूर. द न्यूज गेव्ह रिलीफ टू एव्हरी फॅमिली. अ क्राउड ऑफ विमेन वॉज स्टँडिंग निअर द टँकर विथ पॉट्स. देअर पेशन्स वॉज ग्रेट. द होल सिटी वॉज वेटिंग.’

मिरज आणि लातूर प्रॉपर, म्हणजे काँक्रीट. ट्रेन, टँकर, पॉट्स काँक्रीट. वॉटर काँक्रीट, पाच प्रकारांत विचारलं तर मटेरियल. एप्रिल जरा अडवतो: महिना कुठल्याच इंद्रियाला कळत नाही, म्हणून पहिल्या प्रश्नाला ॲब्स्ट्रॅक्ट, पण ते एका महिन्याचं खास नाव आहे आणि शाळेच्या व्याकरणात उत्तर प्रॉपर नाउन असंच येईल. न्यूज ॲब्स्ट्रॅक्ट, छापलेला कागद हातात धरता येतो, बातमी नाही. रिलीफ आणि पेशन्स ॲब्स्ट्रॅक्ट, इथं शेवटचा -न्सही साक्ष देतो. फॅमिली कलेक्टिव्ह. विमेन हे वुमनचं अनेकवचन, कलेक्टिव्ह नाही. क्राउड कलेक्टिव्ह, म्हणून विमेन शेजारी असूनही क्रियापद वॉज.

उरला सिटी. नकाशावर बोट ठेवून दाखवतो ते शहर काँक्रीट: ‘द सिटी हॅज वाइड रोड्स’. पण रस्ते आणि इमारती वाट बघत नाहीत. शेवटच्या वाक्यात वाट बघतात ती शहरातली माणसं, म्हणून तिथं सिटी कलेक्टिव्हचं काम करतो.